मनोरीच्या वाडीत कोणत्या जातीची कोंबडी ठेवावी?

आपण दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, कारण उत्तर तिच्यावरच अवलंबून आहे. मुंबईच्या उत्तर भागातील मनोरीच्या गावठाणात घरामागे सुमारे दोन गुंठ्यांची वाडी आहे, घरात दोन लहान मुले आणि सासूबाई आहेत, रोज चार-पाच अंडी मिळाली तर पुरेशी आहेत. मात्र कोंबड्या मुलांच्या अंगावर धावून येणाऱ्या नसाव्यात आणि शेजाऱ्यांची कुरकुर होऊ नये, अशी आपली अट आहे. परदेशी चित्रफितींत मुलांच्या मांडीवर निवांत बसलेली सोनेरी ऑर्पिंग्टन पाहून आपणांस ती हवीशी वाटते, आपल्या यजमानांच्या मनात कडकनाथ आहे, आणि सासूबाईंच्या मते गावरानसारखी दुसरी कोंबडी नाही.

माझा सल्ला या तिन्हींपेक्षा वेगळा आहे. ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्पच्या तलंगा, म्हणजे अंड्यावर येण्याआधीच्या तरुण माद्या, एकूण दहा घ्याव्यात; त्या दोन खेपांत का आणाव्यात ते शेवटी सांगतो. त्या न मिळाल्यास ऱ्होड आयलंड रेडच्या घ्याव्यात, आणि कोंबडा ठेवू नये. असे का, हे जरा विस्ताराने सांगतो, कारण विक्रेता ऐनवेळी तिसरेच नाव पुढे करील तेव्हा निर्णय आपणांसच घ्यावा लागेल. जातीच्या नावावरून कोंबडीचा स्वभाव आणि तिचे अंड्यांचे प्रमाण यांचा अंदाज येतो, खात्री मिळत नाही. खात्री मिळते ती तिच्या वाणावरून, म्हणजे ती कोणत्या कळपातून आणि कशा निवडीतून आली आहे त्यावरून, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत तिला माणसांची सवय किती झाली आहे त्यावरून. मुंबईसाठी तर याच्याही आधी एक चाळणी लावावी लागते, ती इथल्या हवेची.

कोंबडीला घाम येत नाही. उकाडा वाढला की ती चोच उघडून धापा टाकते आणि श्वासावाटे बाहेर पडणाऱ्या वाफेबरोबर अंगातली उष्णता बाहेर टाकते. विदर्भाच्या कोरड्या उन्हात ही युक्ती काही अंशी तरी चालते. मनोरीला मे महिन्यात पारा तेहतीस-चौतिसाच्या पुढे फारसा जात नसला तरी हवेतच इतका ओलावा असतो की वाफ होणेच मंदावते, आणि कोंबडी तासन्‌तास धापा टाकूनही निवत नाही. धापा टाकताना शरीरातील कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो, रक्ताचे रासायनिक संतुलन ढळते आणि कवच बनण्यासाठी लागणारा कार्बोनेट कमी पडतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये पातळ कवचाची अंडी दिसू लागतात त्याचे एक मोठे कारण हे आहे, आणि अशा वेळी नुसता शिंपल्यांचा चुरा वाढवून फार फरक पडत नाही. म्हणून इथे पिसांचा भार कमी, तुरा मोठा आणि अंगाने आटोपशीर असलेली कोंबडी हवी. तुरा आणि गळ्याखालच्या लोळ्या यांत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते, त्यामुळे शरीरातील उष्णता बाहेर टाकण्याचे काम हे दोन अवयव करतात. मोठा तुरा ही इथे शोभेची बाब नव्हे.

ऑर्पिंग्टन या चाळणीत अडकते. विल्यम कुक यांनी १८८६ मध्ये इंग्लंडच्या केंट परगण्यात ही जात तयार केली, ती तिथल्या थंड हवेत. पुढे प्रदर्शनांच्या हौसेपायी तिची पिसे आणखी फुलवली गेली आणि अंडी मागे पडली. स्वभावाने ती खरोखरच गरीब आहे, याबद्दल वाद नाही. पण त्या चित्रफितींतील हिरवळ आणि आपल्याकडचा मे महिना यांत फार अंतर आहे. शिवाय ती वारंवार खुडूक होते, म्हणजे अंडी देणे थांबवून उबवायला बसते, आणि इथे विकली जाणारी ऑर्पिंग्टन बहुधा हौशी पाळणाऱ्यांकडून येते, जिथे निवड रंग आणि आकार पाहून होते, अंडी मोजून होत नाही.

आपणांस ऑर्पिंग्टनमध्ये जे आवडले ते ऑस्ट्रॉलॉर्पमध्ये बरेचसे मिळते, कारण ती तिचीच ऑस्ट्रेलियात वाढलेली शाखा आहे. काळ्या ऑर्पिंग्टन तिथे नेल्या गेल्या आणि तिथल्या पैदासकारांनी त्यांची निवड अंड्यांसाठी केली; पिसे अंगाला चिकटून राहणारी झाली, शरीर हलके झाले, पण स्वभावातला संथपणा टिकला. १९२२-२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका स्पर्धेत सहा ऑस्ट्रॉलॉर्प कोंबड्यांनी ३६५ दिवसांत मिळून १,८५७ अंडी दिली, म्हणजे सरासरी प्रत्येकी ३०९.५, तीही कृत्रिम प्रकाशाशिवाय. आपण हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नये. तो निवडक कोंबड्यांचा विक्रम आहे. घरगुती संगोपनात वर्षाला १८० ते २०० अंडी धरावीत आणि त्याहून जास्त मिळाली तर आनंद मानावा. काळ्या रंगामुळे उन्हात ती जास्त तापते, हे खरे. पण आपल्या वाडीत नारळांची आणि झाडांची सावली असल्यास हा दोष आड येणार नाही. उघड्या गच्चीवर मात्र मी तिची शिफारस करणार नाही.

ऱ्होड आयलंड रेड ही अधिक काटक आहे. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर ती घडली तेव्हा तिच्यात मलय जातीचे रक्त मिसळले गेले होते. सरकारी व विद्यापीठीय प्रक्षेत्रांवर ती आपल्याकडे अनेक पिढ्या वाढली आहे, त्यामुळे इथल्या हवेला सरावलेला वाण मिळण्याची शक्यता तिच्याबाबतीत अधिक असते. माद्या धीट असतात, माणसाच्या पायात घुटमळतात, खाण्याची पाटी पाहिली की आधी धावतात. हा धीटपणा लहान मुलांना कधीकधी आक्रमकपणा वाटतो. हातातला बिस्किटाचा तुकडा हिसकावून नेणारी कोंबडी बहुधा हीच असते. इजा ती सहसा करीत नाही. तिचा कोंबडा मात्र तापट म्हणून नावाजलेला आहे, आणि सहा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर त्याने नख्या मारल्या की ते मूल पुढे कोणत्याही कोंबडीजवळ जायला तयार होत नाही.

तिसरा पर्याय व्यापारी तपकिरी लेअरचा (लेअर म्हणजे अंड्यांसाठीच वाढवलेली कोंबडी), म्हणजे बीव्ही ३८० सारख्या संकराचा. हा संकर स्वभावाने इतका नरम असतो की अनोळखी माणसाने हात लावला तरी कोंबडी खाली बसते, आणि पूर्ण खाद्यावर ती वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते. पिल्लांचा रंगच नर-मादी सांगतो, माद्या तपकिरी आणि नर फिकट, त्यामुळे घेताना फसगत होत नाही. मग मी तिला पहिला क्रमांक का देत नाही? कारण ती अंडी देणे थांबवतच नाही. खाद्यात प्रथिने किंवा कॅल्शियम थोडे कमी पडले तरी ती स्वतःच्या हाडांतून उपसा करून अंडे घालते. दीड-दोन वर्षांत अंडाशयाचे विकार, अंग बाहेर येणे, पायांत बळ न राहणे अशा तक्रारी तिच्यात अधिक दिसतात. रोज मोजून लेअर खाद्य देणे ज्यांना जमते त्यांच्यासाठी ती उत्तम आहे. घरातले उरलेसुरले आणि वाडीतले किडे यांवर तिला ठेवू पाहणे हा तिच्यावर अन्याय होईल.

आता सासूबाईंच्या गावरानविषयी. त्यांचे म्हणणे मोडीत काढण्यासारखे नाही. गावरान कोंबडी घारीची सावली ओळखते, मुंगसाला चुकवते, स्वतःचे पोट स्वतः भरते आणि पिल्ले वाढवण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. तिची अंडी कमी का, हे मात्र समजून घ्यावे. बारा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक होते, एकवीस दिवस रवणावर बसते, पिल्ले निघाल्यावर दोन-अडीच महिने त्यांच्यामागे असते. वर्षात असे तीन-चार फेरे झाले की पन्नास-साठ अंड्यांवर हिशेब संपतो. दहा गावरान कोंबड्यांपासून रोजची सरासरी दीड-दोन अंड्यांच्या पुढे जाणार नाही. सासूबाईंना हवी असल्यास एक गावरान मादी अवश्य ठेवावी. ती खुडूक झाली की फलित अंडी बाहेरून आणून तिच्याखाली ठेवता येतील, आणि मुलांना पिल्ले निघताना पाहता येतील. उरलेल्या कोंबड्यांपैकी एखादी खुडूक झालीच तर तिला जाळीचा तळ असलेल्या, जमिनीपासून उचललेल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस दाणा-पाण्यासह ठेवावे; पोटाखालून वारा लागला की ती ऊब सोडते. तिला पाण्यात बुडवण्याचा जुना उपाय करू नये.

कडकनाथबद्दल थोडक्यात. मध्य प्रदेशातील झाबुआची ही जात आहे आणि तिच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचे मोल मांसासाठी आहे. अंडी वर्षाला साधारण ऐंशी ते शंभर, आकाराने लहान, आणि रंगाने काळी तर मुळीच नाहीत, फिकट मातकट असतात. ‘काळी अंडी’ म्हणून कोणी दाखवत असेल तर तिथून निघावे. स्वभावाने ती बुजरी आहे, चटकन उडते, आणि मनोरीत घरांवर घरे असताना शेजाऱ्याच्या कौलावर चढलेली कडकनाथ उतरवणे हा रोजचा उद्योग होईल. असीलचे नाव कोणी सुचवले तर साफ नकार द्यावा. माणसाळलेला असील माणसाशी प्रेमाने वागतो, पण आपसांतली त्यांची झुंज पिल्लांच्या वयातच सुरू होते.

हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा आणि ग्रामप्रिया, बेंगळुरूची गिरिराज, ही परसातल्या पालनासाठीच तयार केलेली संकरित वाणे आहेत आणि ती वाईट नाहीत. अंडी हाच हेतू असेल तर यांपैकी ग्रामप्रिया निवडावी, तिच्याकडून वर्षाला १६० ते १८० अंड्यांची अपेक्षा ठेवता येते. वनराजा शंभर-एकशेदहावर थांबते आणि तिचा कल मांसाकडे अधिक आहे. संकरित वाणांची पुढची पिढी आईबापांसारखी निघत नाही, म्हणून त्यांच्या अंड्यांतून घरीच कळप वाढवण्याचा विचार करू नये. ‘डीपी क्रॉस’ हे नाव आपल्या कानावर हमखास पडेल. त्या नावाखाली निरनिराळ्या उबवणी केंद्रांची निरनिराळी पिल्ले विकली जातात, आणि तीच पुढे आठवडी बाजारात ‘ओरिजिनल गावरान’ होतात. रंगीबेरंगी पिसे हा गावरानपणाचा पुरावा नाही.

व्हाइट लेगहॉर्नचा उल्लेख मी मुद्दाम मागे ठेवला, कारण स्वभाव हा जातीपेक्षा वाणाचा प्रश्न कसा आहे हे तिच्यामुळेच कळते. अंड्यांत तिला तोड नाही. पण ती भित्री, आवाजाने बिथरणारी आणि उडणारी म्हणून ओळखली जाते, आणि घरगुती कळपासाठी मी ती सुचवीत नाही. तरीही अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्यूर यांनी १९९० च्या दशकात लेगहॉर्नवरच एक महत्त्वाचा प्रयोग केला. नेहमीच्या पद्धतीत सर्वांत जास्त अंडी देणारी एकेकटी कोंबडी पुढच्या पैदाशीसाठी निवडली जाते. म्यूर यांनी त्याऐवजी संपूर्ण पिंजऱ्याची कामगिरी पाहिली. ज्या पिंजऱ्यातील सगळ्या बहिणी मिळून चांगली अंडी देत होत्या आणि जगत होत्या, तो पिंजरा निवडला. काही थोड्याच पिढ्यांत आपसांत चोची मारून होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण कमालीचे घटले आणि एकूण अंडी वाढली. याचा अर्थ उघड आहे. एकट्या कोंबडीची अंडी मोजून निवड केली तर शेजारणींना दाबून, त्यांचे खाणे हिरावून अंडी देणारी दांडगी कोंबडीही निवडली जाते, आणि तिचा दांडगेपणा लेकींत उतरतो. शांत आणि भरपूर अंडी देणारी कोंबडी हवी असेल तर विक्रेत्याला सर्वांत चांगल्या कोंबडीविषयी विचारू नये. त्याचा सबंध कळप कसा वागतो ते स्वतः पाहावे.

हे पाहायचे कसे, ते सांगतो. शेडवर सकाळी दाणा टाकण्याच्या वेळी जाऊ नये, तेव्हा सगळ्याच कोंबड्या माणसाकडे धावतात. दुपार उतरल्यावर जावे आणि मालकाच्या परवानगीने, पायांना त्यांच्या शेडमधलेच बूट घालून, हातात रिकामी बादली घेऊन कळपातून सावकाश चालावे. चांगला कळप समोरून दुभंगतो आणि आपल्या पाठीमागे पुन्हा मिळतो. वाईट कळप एका कोपऱ्यात उसळून एकमेकींच्या अंगावर चढतो. शेपटीच्या बुंध्याजवळची पिसे कितीजणींची उपटलेली आहेत ते पाहावे; ती जागा उघडी आणि लाल दिसत असेल तर त्या कळपाला चोची मारण्याची खोड लागलेली आहे आणि ती आपल्या घरी आल्यावर जाणार नाही. मग एक तलंग हातात घ्यावी. दोन्ही पंख मिटून तळहात तिच्या छातीखाली ठेवला की सवयीची तलंग पाच-दहा श्वासांत स्थिर होते, मान आखडत नाही. बोटाने छातीचे हाड चाचपावे, ते सरळ असावे. डोळा गोल आणि ओला, नाकपुड्या कोरड्या, पायांचे खवले गुळगुळीत, गुदद्वाराभोवतीची पिसे स्वच्छ. श्वास घेताना घरघर ऐकू आली तर त्या शेडमधील एकही पक्षी घेऊ नये, मग किंमत कितीही कमी असो.

विक्रेता ‘अंड्यावर आलेली’ म्हणून मोठी कोंबडी देऊ पाहत असेल तर तिचे वय आणि तिची खरी अवस्था ताडण्याची सोपी खूण आहे. शेपटीखाली गुदद्वाराच्या दोन बाजूंना दोन टोकदार हाडे हाताला लागतात. अंडी देत असलेल्या कोंबडीत त्यांच्यामध्ये दोन ते तीन बोटे मावतात आणि हाडे लवचीक लागतात. न देणारीत जेमतेम एक बोट मावते. ऱ्होड आयलंड रेडसारख्या पिवळ्या कातडीच्या जातीत आणखी एक खूण मिळते. अंड्याच्या बलकासाठी पिवळे रंगद्रव्य खर्च होत जाते, त्यामुळे आधी गुदद्वार, मग डोळ्यांची कड, मग चोच आणि शेवटी पाय असे क्रमाने फिके पडत जातात. पाय पांढुरके झालेली ‘नवी तलंग’ म्हणजे कित्येक महिने अंडी देऊन झालेली कोंबडी होय. ऑस्ट्रॉलॉर्पचे पाय मुळातच काळसर असतात, तिथे ही खूण चालत नाही. तिथे हाडांवरच भिस्त ठेवावी.

एक दिवसाची पिल्ले घ्यावीत की आठ ते दहा आठवड्यांच्या तलंगा, हा पुढचा प्रश्न. आपल्या घरासाठी तलंगाच योग्य. एकदिवशीय पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश ऊब द्यावी लागते आणि ती दर आठवड्याला थोडी थोडी कमी करावी लागते. शिवाय शुद्ध जातीच्या पिल्लांत निम्मे नर निघतात, आणि पाच नरांचे पुढे काय करायचे हा प्रश्न मुलांसमोर सोडवणे कठीण जाते. रस्त्यावर गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्ले विकतात ती बहुधा उबवणी केंद्रांनी टाकून दिलेली नर पिल्लेच असतात. त्यांतून अंड्यांची आशा धरू नये आणि ती घेऊन त्या व्यवहाराला हातभारही लावू नये. तलंगांसाठी पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे, त्यांतले आपल्याला जवळचे पुण्याजवळील खडकीचे, आणि आरे वसाहतीतील केंद्र सरकारचे कुक्कुट विकास संघटन येथे आधी चौकशी करावी. कोणत्या हंगामात कोणता वाण मिळेल हे बदलत राहते, त्यामुळे नोंदणी करून थांबण्याची तयारी हवी. घेताना लसीकरणाचा कागद मागावा. मॅरेक्सची लस पहिल्या दिवशी, मानमोडीसाठी (राणीखेत रोगासाठी) लासोटा पहिल्या आठवड्यात, गंबोरो साधारण दोन आठवड्यांनी, आणि सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास मानमोडीची दुसरी लस व देवीची लस, असा क्रम त्यात दिसला पाहिजे. एका खेपेच्या सगळ्या कोंबड्या एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी घ्याव्यात. जिवंत कोंबड्यांच्या बाजारातून ‘आणखी दोन’ आणून त्यांत सोडणे म्हणजे रोग विकत आणणे.

आणण्याचा काळ ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर धरावा. पाऊस थांबलेला असतो, नव्या जागेत रुळायला कोरडे दिवस मिळतात, आणि साधारण साडेपाच-सहा महिन्यांच्या होऊन त्या अंड्यावर येतात तेव्हा दिवस मोठा होऊ लागलेला असतो. अंडाशयाला चालना प्रकाशाच्या लांबीमुळे मिळते. मुंबईत डिसेंबरचा दिवस अकरा तासांच्या आसपास आणि जूनचा सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. भरपूर अंड्यांसाठी चौदा तासांचा उजेड लागतो, म्हणून हवे असल्यास पहाटे एक छोटा दिवा लावावा, पण घरगुती कळपाला थोडी विश्रांती मिळाली तर ती आयुष्याच्या हिशेबात भरून निघते, असे माझे मत आहे.

माणसाळवण्याचे काम घरी आणल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत होते. मुलांनी खुराड्यात उभे राहून वरून हात घालू नये, कारण वरून येणारी कोणतीही गोष्ट कोंबडीला घार वाटते; त्यांनी खाली उकिडवे बसून, तळहातावर थोडे ज्वारीचे दाणे ठेवून, कोंबडी स्वतः येईपर्यंत थांबावे. पाठलाग करून पकडण्याचा खेळ एकदा जरी झाला तरी आठवड्याची मेहनत वाया जाते. हाताळायची वेळ आलीच तर दिवस मावळल्यावर दांडीवरून अलगद उचलावे. वयात आल्यावर हात पुढे करताच कोंबडी पंख थोडे पसरून खाली बसू लागली की ती अंड्यावर आली असे समजावे. प्रत्येक वेळी नंतर मुलांनी साबणाने हात धुवावेत, आणि कोंबडीला तोंडाजवळ नेऊ नये. साल्मोनेलाचा त्रास लहानांना आणि वयस्कांना अधिक होतो.

दहा कोंबड्यांसाठी आठ फूट बाय पाच फुटांचे खुराडे पुरेल आणि दिवसा वाडीचा एक भाग जाळी मारून मोकळा ठेवावा. जमीन कमीत कमी दीड फूट उंच जोत्यावर घ्यावी. मनोरीच्या पावसात दार कुठे आहे यापेक्षा पाणी कुठून उडते याला महत्त्व असते. नैर्ऋत्येकडून येणारी झड अडवायला छप्पर त्या बाजूला तीन फूट पुढे काढावे, पण भिंती मात्र बंद करू नयेत. प्लास्टिक लावून सगळीकडून बंद केलेल्या खुराड्यात तुसाची गादी ओली होते, अमोनियाने डोळे चुरचुरतात आणि जुलैत रक्ती हगवण सुरू होते. भाताचे तूस चार-पाच इंच पसरावे, दोन-तीन दिवसांनी खालीवर करावे, ओला भाग दिसताच उचलावा. मुठीत दाबून पाहावे: तूस सुटे झाले तर ठीक, गोळा राहिला तर बदलावे. खिडक्यांना कोंबडी अडवणारी षटकोनी जाळी पुरत नाही, घूस आणि मुंगूस ती सहज कुरतडतात किंवा वाकवतात. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी घ्यावी आणि ती जमिनीत फूटभर पुरावी. आपल्याकडे खारफुटीच्या कडेला कोल्हेही आहेत, म्हणून रात्री दार न चुकता बंद हवे.

खाद्याचा हिशेब सोपा आहे. कोंबडीमागे दिवसाला ११० ते १२० ग्रॅम लेअर खाद्य, म्हणजे दहांना सव्वा किलोच्या आत. पन्नास किलोचे पोते सहा आठवडे पुरते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, ज्या कोंबडीला गरज आहे ती खाते. घरचे उरलेले अन्न एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नये. भाताची शिते आणि पोळीचे तुकडे पोट भरतात, पण त्यांतून अंड्याला लागणारी प्रथिने मिळत नाहीत, आणि मग दोष जातीला दिला जातो. सुकट देणार असाल तर खारवलेली देऊ नये. दहा ऑस्ट्रॉलॉर्पकडून वर्षाला अठराशे ते दोन हजार अंडी, म्हणजे रोज सरासरी पाच मिळतील, पण ती सरासरी आहे: फेब्रुवारीत सात-आठ, आणि पीसझड (जुनी पिसे गळून नवी येणे) चालू असताना एखाद-दुसरे.

कोंबडा नसल्याने अंडी कमी होत नाहीत, फक्त ती फलित नसतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागातील आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि कोंबडा तर पहाटे चारलाच आरवतो. गावठाणात पूर्वी ते चालत असे, आता शेजारी नवे आहेत. माद्याही अंडे घातल्यावर कलकलाट करतात, पण तो दिवसाचा आणि थोड्या वेळाचा असतो. सुरुवात करण्यापूर्वी महापालिकेच्या विभाग कार्यालयात कोंबड्या ठेवण्याबाबतचे नियम विचारून घ्यावेत, आणि शेजाऱ्यांना पहिल्या महिन्यातली अंडी स्वतः नेऊन द्यावीत.

राहता राहिला प्रश्न तिसऱ्या वर्षाचा, जो आपण विचारलेला नाही. पहिल्या पीसझडीनंतर अंडी साधारण पाचव्या हिश्श्याने घटतात, त्यानंतर दरवर्षी आणखी, आणि ऑस्ट्रॉलॉर्प सहा-सात वर्षे सहज जगते. मुलांनी नावे ठेवलेल्या कोंबड्या कापायच्या नसतील तर दहाही एकदम आणू नयेत. या नोव्हेंबरात सहा आणि दोन वर्षांनी चार आणाव्यात (तोवर रोजची सरासरी तीन अंड्यांच्या आसपास राहील), नव्या चार जणींना तीन-चार आठवडे घराच्या दुसऱ्या बाजूला वेगळे ठेवून, नंतर आठवडाभर जाळीपलीकडून ओळख होऊ द्यावी आणि मग रात्री, जुन्या कोंबड्या दांडीवर बसल्यावर, त्यांच्याशेजारी बसवावे.